ख्रिस्ती मौनप्रार्थना : बोलणे थांबवून ऐकण्याची साधना

जामखेड : ख्रिस्ती उपासना म्हटली, की महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाला आधी आठवतात ते आवाज. रविवारची घंटा, पेटीच्या साथीने गायिलेली गीते, शास्त्रवाचन, पाळकांचा उपदेश आणि मंडळीतील एखाद्याने उभे राहून केलेली उत्स्फूर्त प्रार्थना. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तर या आवाजाला भजन-कीर्तनाचा खास मराठी साज चढलेला आहे. मात्र याच धर्मपरंपरेत प्रार्थनेचा आणखी एक प्रकार दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. त्यात गीत नसते, मागणे नसते आणि अखेरच्या टप्प्यावर शब्दही नसतो. साधक एका जागी स्थिर बसतो आणि ईश्वराच्या सान्निध्यात केवळ राहतो. 'मौनप्रार्थना' किंवा 'ध्यानप्रार्थना' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या साधनेकडे गेल्या अर्धशतकात जगभरातील ख्रिस्ती समाज नव्याने वळला आहे.

महाराष्ट्रात या साधनेची चर्चा निघाली, की पुण्यातील आश्रम आणि लोणावळ्यातील साधनाकेंद्र यांची नावे पुढे येतात. परंतु या प्रवाहाचा एक महत्त्वाचा उगम अहमदनगर जिल्ह्यात आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. याच जिल्ह्याने या साधनेसमोर एक अवघड प्रश्नही उभा केला. ज्यांना समाजाने शतकानुशतके गप्प बसवले, त्यांना मौनाचा उपदेश करण्याचा अर्थ काय? या प्रश्नाला बगल देऊन मौनप्रार्थनेचा विचार पुरा होऊ शकत नाही.

मनन आणि ध्यान : शब्दांचा घोटाळा

या विषयात पहिला गोंधळ शब्दांचाच होतो. इंग्रजीतील 'मेडिटेशन' आणि 'कॉन्टेम्प्लेशन' या दोन्ही शब्दांसाठी मराठीत सर्रास 'ध्यान' हाच शब्द वापरला जातो. जुन्या ख्रिस्ती ग्रंथांत मात्र या दोहोंत स्पष्ट भेद आहे. 'मेडिटेशन' म्हणजे मनन. शास्त्रातील एखादे वचन किंवा प्रसंग मनात घोळवणे, त्याचा आपल्या जीवनाशी संबंध लावणे, त्यासाठी बुद्धी आणि कल्पनाशक्ती राबवणे. 'कॉन्टेम्प्लेशन' ही त्यापुढची अवस्था. तेथे विचारांची धावपळ मंदावते आणि साधक ईश्वराकडे प्रेमाने पाहत राहतो. आजच्या योगवर्गांत 'मेडिटेशन' म्हणजे विचार शांत करणे, तर मध्ययुगीन ख्रिस्ती लेखकांच्या लेखी 'मेडिटेशन' म्हणजे विचार करणे. एकच शब्द दोन ठिकाणी जवळजवळ विरुद्ध अर्थाने वावरत असल्याने वाचकाची फसगत होते.

वेदान्तातील श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही त्रयी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा क्रम समजणे कठीण नाही. तथापि एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. ख्रिस्ती साधक मौनात एकटा बसत नाही, तो कोणासमोर तरी बसतो, अशी या परंपरेची धारणा आहे. मन रिकामे करणे हे त्याचे साध्य नसते. समोर जो आहे त्याचे ऐकता यावे, म्हणून तो स्वतःचे बोलणे थांबवतो. सोळाव्या शतकातील स्पॅनिश साध्वी आविलाची संत तेरेजा (१५१५-१५८२) हिने प्रार्थनेसाठी मैत्रीचे रूपक वापरले आहे. दोन जिवलग एकमेकांशेजारी काही न बोलता बसू शकतात आणि त्या न बोलण्यातही त्यांचा संवाद सुरूच असतो. भक्तिमार्गाशी परिचित असलेल्या मनाला ही कल्पना परकी वाटू नये.

वाळवंटातून मठाकडे

या साधनेची मुळे बायबलमध्येच आहेत. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला ईश्वराचा अनुभव आला तो वादळात, भूकंपात किंवा अग्नीत आला नाही. त्यानंतरच्या मंद, शांत वाणीत आला. येशू ख्रिस्ताने सार्वजनिक कार्यापूर्वी चाळीस दिवस अरण्यात घालवले. लोकांची गर्दी वाढू लागली, तेव्हा तो पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेसाठी जाई, असे मार्कच्या शुभवर्तमानात नमूद आहे. प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लावून घ्यावे आणि निरर्थक बडबड टाळावी, ही त्याचीच शिकवण.

तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात संत अँथनी आणि त्यांच्यासारख्या अनेक स्त्री-पुरुषांनी एकांतवास पत्करला. त्यांची साधनापद्धती जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपात पोहोचवली. स्तोत्रातील एकच वचन दिवसभर मनात घोळवावे, ही त्यांनी सांगितलेली रीत नामस्मरणाची आठवण करून देते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठजीवनाचे नियम घालून दिले आणि त्यांतील एक प्रकरण खास मौनासाठी राखले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारे एक लहानसे वाक्य श्वासाच्या लयीत उच्चारण्याची पद्धत रुजली. ग्रीसमधील अॅथोस पर्वतावरील मठांत ती आजही जिवंत आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडमधील एका अज्ञात लेखकाने 'द क्लाउड ऑफ अननोइंग' हा ग्रंथ लिहिला. बुद्धीने ईश्वराचा पार लागत नाही, तेथे प्रेमच पोहोचते, असे त्याचे प्रतिपादन आहे. मन भरकटू लागले, तर एखाद्या छोट्या शब्दाचा आधार घ्यावा, असे तो सुचवतो.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट देशांतून बहुतेक मठ बंद झाले आणि उपासनेच्या केंद्रस्थानी शास्त्रवचन व उपदेश आले. मौनाची परंपरा तेथे क्षीण झाली. तिला ठळक अपवाद ठरला तो सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेला क्वेकर पंथ. त्यांच्या सभेत धर्मगुरू नसतो आणि ठरलेला विधीही नसतो. सारे निःशब्द बसतात. आतून प्रेरणा झाली, तर कोणीही उठून बोलू शकते. स्त्रियांना बोलण्याची मुभा नसलेल्या त्या काळात क्वेकरांच्या मौनातून स्त्रियाही बोलू लागल्या. ही गोष्ट पुढे येणाऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एका उताऱ्याच्या चार पायऱ्या

ही साधना प्रत्यक्षात कशी करतात? बाराव्या शतकातील ग्विगो या मठवासीयाने शास्त्रवाचनाच्या आधारे चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याच्या कथेवरून ती समजून घेता येईल.

पहिली पायरी वाचनाची. मार्कच्या शुभवर्तमानातील हा उतारा सावकाश, शक्य असल्यास मोठ्याने वाचावा. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला बार्तीमय येशूला हाक मारतो. लोक त्याला दटावतात आणि गप्प राहायला सांगतात. तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि तुला काय हवे आहे, असे विचारतो.

दुसरी पायरी मननाची. या प्रसंगात आपण कोण आहोत? हाक मारणारे, दटावणारे, की थांबणारे? समोरचा माणूस आंधळा आहे हे उघड दिसत असताना येशूने त्याला तुझी इच्छा काय, असे का विचारले असावे? संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी या टप्प्यावर कल्पनाशक्तीला मोठे स्थान दिले. रस्त्यावरची धूळ, गर्दीचा गलका, हाकेतील आर्तता हे सारे साधकाने मनःचक्षूंनी पाहावे, असे त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेचे सांगणे आहे. त्यांनी आखलेली संपूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असून, ती मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली मौनात केली जाते.

तिसरी पायरी प्रार्थनेची. मननातून जे उमगले, ते आपल्या शब्दांत ईश्वरासमोर मांडायचे. त्यात कृतज्ञता असेल, पश्चात्ताप असेल, क्वचित तक्रारही असेल. चौथ्या पायरीवर हे शब्दही मावळू द्यायचे आणि शांत राहायचे. ही अवस्था प्रयत्नाने खेचून आणता येत नाही, ती ईश्वराची देणगी आहे, असे या परंपरेतील सर्व आचार्य बजावतात. साधकाच्या हाती असते ते केवळ जागा करून देणे.

विसाव्या शतकात ही परंपरा मठाबाहेरील गृहस्थांपर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठात फादर थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात 'सेंटरिंग प्रेअर' ही सोपी पद्धत मांडली. एक पवित्र शब्द निवडावा, दिवसातून दोन वेळा वीस-वीस मिनिटे बसावे आणि विचारांत गुंतल्याचे ध्यानात आले, की हळुवारपणे त्या शब्दाकडे परतावे, एवढीच तिची रीत. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (१९२६-१९८२) यांनी याच सुमारास 'मारानाथा' या अरामी शब्दाच्या जपावर आधारलेली पद्धत रूढ केली. जपध्यानाचे पहिले धडे त्यांना तत्कालीन मलायात एका भारतीय स्वामींकडून मिळाले होते. पूर्वेकडून मिळालेल्या या प्रेरणेमुळेच त्यांना कॅसियनचे विस्मरणात गेलेले लेखन नव्याने गवसले.

अहमदनगरहून पुण्याकडे

अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. हे मिशन प्रॉटेस्टंट असल्याने मठांची आणि मौनाची परंपरा त्याच्या वारशात नव्हती. येथे फुलली ती शब्दांची आणि स्वरांची उपासना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन रुजले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला भक्तिपरंपरेची भाषा दिली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचा दीर्घकाळ अहमदनगरात गेला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा उपक्रम आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, असा त्यांचा मानस होता. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

टिळकांच्या या विचाराने प्रभावित झालेल्यांत जॅक विन्स्लो हे इंग्रज अँग्लिकन धर्मगुरू होते. १९१४ मध्ये भारतात आलेल्या विन्स्लो यांनी अहमदनगरच्या मिशन शाळेत काम केले. युरोपीय मिशनऱ्यांच्या बंगल्यातील राहणीमुळे ख्रिस्ताचा संदेश भारतीयांना परका वाटतो, याची खंत त्यांना होती. १९२२ मध्ये त्यांनी काही मराठी ख्रिस्ती सहकाऱ्यांसह अहमदनगर परिसरात 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. साधी राहणी, जमिनीवर बसून जेवण, खादीची वस्त्रे, ठरलेल्या वेळी प्रार्थना आणि ध्यान, तसेच गावोगावी सेवा हा संघाचा जीवनक्रम होता. भारतीय व इंग्रज सदस्यांनी बरोबरीच्या नात्याने एकत्र राहावे, हा त्यामागील आग्रह त्या काळात क्रांतिकारकच म्हटला पाहिजे. प्रार्थनाजीवनाच्या शिस्तीवर विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'ख्रिश्चन योग' असे होते. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात संघ पुण्यात शिवाजीनगर येथे स्थिरावला. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन हा पंचविशीतील तरुण तेथे दाखल झाला. पुढे आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून विख्यात झालेल्या एल्विन यांचा आरंभीचा ध्यास ख्रिस्ती गूढवादाचा होता. 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या ग्रंथाचा परिचय करून देणारे त्यांचे 'ख्रिश्चन ध्यान' हे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय वाचकाला ख्रिस्ती ध्यानपरंपरा त्याच्या ओळखीच्या शब्दांत समजावून सांगण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होय. पण एल्विन ध्यानात रमून राहिले नाहीत. महात्मा गांधींच्या सहवासाने ते स्वातंत्र्यलढ्याकडे ओढले गेले. १९३२ मध्ये संघातील मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह ते मंडला भागातील गोंड आदिवासींमध्ये राहायला गेले. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले आणि १९३५ मध्ये त्यांनी चर्चचा त्याग केला.

१९३४ मध्ये संघाचे विभाजन होऊन पुण्यात 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' राहिला. इंग्लंडला परतलेल्या काही सदस्यांनी तेथील अँग्लिकन फ्रान्सिस्कन बंधुसंघाच्या उभारणीत वाटा उचलला. अहमदनगर जिल्ह्यात सुरू झालेल्या प्रयोगाचे पडसाद अशा प्रकारे सातासमुद्रापार उमटले. शिवाजीनगरच्या त्याच जागी १९७२ मध्ये आश्रमाला नवे रूप मिळाले. अँग्लिकन आणि कॅथलिक संन्यासिनींनी तेथे एकत्र राहून 'ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम' चालवायला घेतला. शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट यांनी या आश्रमाला वैचारिक अधिष्ठान दिले. मौन, शास्त्रवाचन, ध्यान आणि विविध धर्मांच्या साधकांशी संवाद ही आश्रमाची ओळख ठरली.

लोणावळ्याची 'साधना' आणि रोमचा इशारा

याच दशकात येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी मौनप्रार्थनेला जगभर वाचक मिळवून दिले. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेल्या डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली 'साधना' संस्था पुढे लोणावळ्यात स्थिरावली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'साधना : अ वे टू गॉड' या पुस्तकात मौन, शरीराची जाणीव, श्वासाकडे लक्ष, कल्पनाशक्तीचा वापर आणि भक्ती असे टप्प्याटप्प्याने सराव दिले आहेत. डोळे मिटून दहा मिनिटे गप्प बसणे हे किती कठीण आहे, याचा प्रत्यय साधकाला पहिल्याच सरावात येतो. आपल्या मनाच्या भरकटण्याची जाणीव होणे हीच मौनाची पहिली कमाई, असे ते शिकवीत. विपश्यना आणि इग्नेशियस यांची साधना यांचा मेळ त्यांच्या पद्धतीत आढळतो.

१९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक विभागाने त्यांच्या लेखनाबाबत सूचनापत्र काढले. त्यावर विभागप्रमुख कार्डिनल राट्झिंगर, म्हणजेच पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट, यांची स्वाक्षरी होती. डिमेलो यांच्या आरंभीच्या लेखनातील गुण मान्य करून, नंतरच्या काही मतांत ईश्वराचे आणि ख्रिस्ताचे स्वरूप कॅथलिक श्रद्धेशी विसंगत रीतीने मांडले गेल्याचा आक्षेप त्यात होता. तत्पूर्वी १९८९ मध्ये याच विभागाने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना पत्र लिहिले होते. इतर धर्मांतील उपयुक्त पद्धती सरसकट नाकारू नयेत, असे त्यात म्हटले होते. परंतु तंत्रामुळे लाभणाऱ्या शांततेला किंवा शारीरिक सुखद संवेदनांना ईश्वरी अनुभव समजण्याची चूक करू नये, असा इशाराही त्यात होता.

आश्रम चळवळीवर हिंदू समाजातूनही टीका झाली. भगवी वस्त्रे, ओंकार आणि आश्रम ही नावे धर्मप्रसारासाठी उसनी घेतली जात असल्याचा संशय १९८० च्या दशकात जाहीरपणे व्यक्त झाला. एकीकडे चर्चला ही साधना पुरेशी ख्रिस्ती वाटेना, तर दुसरीकडे काही हिंदूंना ती वेषांतर वाटू लागली. या दोन्ही आक्षेपांहून मूलगामी असा तिसरा आक्षेप मात्र ख्रिस्ती समाजाच्या आतूनच आला.

ज्यांना आधीच गप्प बसवले होते

अहमदनगर जिल्ह्यातील ग्रामीण ख्रिस्ती समाज मुख्यतः तत्कालीन अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेला आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास या धर्मांतरांना वेग आला. ज्यांना गावाच्या चावडीवर बोलण्याचा अधिकार नव्हता, मंदिरात प्रवेश नव्हता आणि धर्मग्रंथाला हात लावण्याची सोय नव्हती, अशा लोकांच्या हाती प्रथमच पुस्तक आले. त्यांनी ते मोठ्याने वाचले, मोठ्याने गीते गायिली आणि चारचौघांत उभे राहून ईश्वराला आपल्या शब्दांत हाक मारली. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धर्मजागृतीतही शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत होत्या. त्यांत बालविधवा, दुष्काळग्रस्त आणि निराधार अशा अनेक होत्या. या साऱ्यांसाठी आवाज हीच मुक्तीची खूण होती.

अशा समाजाला मौनाचे आध्यात्मिक महत्त्व सांगणे हे नाजूक काम आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अरविंद निर्मळ या धर्मशास्त्रज्ञांनी दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची मांडणी सुरू केली. भारतीय ख्रिस्ती विचारवंत ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद साधण्यात गुंतले आणि ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य दलितांच्या वेदनेकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, असा त्यांचा रोख होता. आश्रमांतील संस्कृत प्रार्थना, वेदान्ताची परिभाषा आणि शांत, सुसंस्कृत वातावरण हे कोणाच्या संस्कृतीचे प्रतिबिंब आहे, हा प्रश्न त्या टीकेतून ओघानेच उभा राहतो.

हा आक्षेप मौनप्रार्थनेच्या मर्मालाच हात घालतो. बार्तीमयाच्या कथेतही मौनाची मागणी करणारे लोक होतेच. ती गर्दी होती आणि तिला एका भिकाऱ्याच्या ओरडण्याचा त्रास होत होता. त्या गर्दीने लादलेले मौन आणि हाक ऐकून थांबलेल्या येशूचे मौन या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात दुर्बलाचा आवाज दडपला जातो. दुसऱ्यात ज्याच्याकडे अधिकार आहे, तो स्वतःचे बोलणे थांबवून दुर्बलाला विचारतो. ख्रिस्ती मौनाची परंपरा या दुसऱ्या प्रकाराची आहे की पहिल्याची, हे प्रत्येक काळात नव्याने तपासून घ्यावे लागते.

जामखेडचा अनुभव

जामखेडमध्ये ख्रिस्ती मठ नाही किंवा ध्यानासाठी ख्यातनाम झालेला आश्रमही नाही. अहिल्यानगरहून बीडच्या दिशेने सुमारे ७५ किलोमीटरवरील हा दुष्काळी तालुका जगाला ठाऊक झाला तो डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यामुळे. १९७० मध्ये त्यांनी येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याला मौनप्रार्थनेचा प्रयोग म्हणणे चुकीचे ठरेल. तो आरोग्यसेवेचाच प्रयोग होता आणि सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठी होता. तरीही ऐकण्यातून काय घडू शकते, याचे एवढे ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात दुसरे शोधणे कठीण आहे.

दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. औषधे आणि शस्त्रक्रिया यांचे ज्ञान त्यांच्याकडे होते. पण गावकऱ्यांचे ऐकल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की लोकांची पहिली गरज पाणी आणि अन्न ही आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या दुष्काळात तर ती अधिकच तीव्र झाली होती. प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवण्याची मूळ योजना फारशी यशस्वी होत नाही, हेही दिसून आले. मग गावानेच निवडलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. त्यांतील अनेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातील होत्या. चारचौघांत बोलण्याचा संकोच असलेल्या या स्त्रिया पुढे गर्भवतींची काळजी, बालकांचे पोषण आणि कुष्ठरोगाविषयीचे गैरसमज यांवर गावाला समजावून सांगू लागल्या. काही जणी देशविदेशांतील परिषदांतही बोलल्या. १९७१ च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल यांचे १९९९ मध्ये, तर डॉ. रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले.

येथे गप्प राहणे आवश्यक होते ते तज्ज्ञांनी आणि बोलणे आवश्यक होते ते आजवर ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी. मौनप्रार्थनेच्या आचार्यांनी सांगितलेली कसोटीही याहून वेगळी नाही. आविलाच्या तेरेजाने ध्यानाच्या सर्वोच्च अवस्थेचे वर्णन केल्यानंतर, प्रार्थनेचे प्रयोजन सत्कृत्ये हेच आहे, असा निर्वाळा दिला. येशूसंघात 'कर्मातील ध्यान' हा आदर्श मानला जातो. ध्यानाला बसलेल्या माणसाला किती प्रकाश दिसला, यापेक्षा उठल्यावर तो घरातल्यांचे, हाताखालच्यांचे आणि दारी आलेल्यांचे किती ऐकून घेतो, याला या परंपरेत अधिक मोल आहे.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

या साधनेकडे वळणाऱ्यांसाठी जाणते मार्गदर्शक काही साध्या सूचना देतात. आरंभी दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. वेळ आणि जागा शक्यतो एकच असावी. शुभवर्तमानातील लहान उतारा वाचून बसावे, म्हणजे मौन अधांतरी राहत नाही. विचार येतातच. त्यांच्याशी झगडू नये, निवडलेल्या शब्दाकडे किंवा वचनाकडे शांतपणे परतावे. काही दिवस कोरडे जातील. क्रुसाचे संत योहान (१५४२-१५९१) यांच्यासारख्या सिद्ध साधकानेही या कोरडेपणाला रात्रीची उपमा दिली आहे आणि तो साधनेचाच भाग मानला आहे.

मात्र मौन सर्वांना सर्वकाळ मानवते, असे नाही. तीव्र दुःख, जुना आघात किंवा नैराश्य असलेल्या व्यक्तीला दीर्घ मौनात अधिक त्रास होऊ शकतो. अशा वेळी एकट्याने हट्टाने बसण्याऐवजी अनुभवी मार्गदर्शकाशी आणि गरज असल्यास डॉक्टरांशी बोलणे श्रेयस्कर. अन्याय सहन करणाऱ्याला प्रार्थनेच्या नावाखाली गप्प राहण्याचा सल्ला देणे, हा तर या परंपरेचा विपर्यासच होय. अशा माणसाने मोठ्याने हाक मारावी आणि मौन पाळावे ते ऐकणाऱ्यांनी. भजनाच्या गजरात वाढलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाला मौनासाठी आपले गाणे सोडण्याची गरज नाही. दोन गीतांच्या मध्ये थोडी शांतता राखली आणि त्या शांततेत रस्त्याकडेची हाक ऐकू आली, तर या प्राचीन साधनेचा आरंभ तेथेच होतो.